एक लॅपटॉप, दोन पडदे आणि मधली गोदी

मागच्या उन्हाळ्यात पाथरी तालुक्यातल्या एका शाळेत जाण्याचा योग आला. गावाने वर्गणी काढून शाळेला दोन मोठे पडदे घेऊन दिले होते. सत्तावीस इंची, ‘फोर-के’ जातीचे. जुन्या दाखल-खारीज रजिस्टरांच्या पानापानांची छायाचित्रे काढून ठेवली होती. एका पडद्यावर रजिस्टरचे पान उघडायचे आणि दुसऱ्यावर नवी नोंद करायची, असा बेत होता. लॅपटॉप एक आणि पडदे दोन, म्हणून बाजारातून एक डॉकिंग स्टेशनही आणले होते. जोडाजोड झाली, पडदे उजळले, पेढे वाटून झाले. आणि मग खोड ध्यानात आली. एका पडद्यावर माऊसचा बाण अडखळत पळायचा, तर दुसऱ्यावर अक्षरे फुगलेली आणि धूसर दिसायची.

“पैसे गावाचे आहेत हो,” तिथले गुरुजी मला म्हणाले, “आता लोकांना काय सांगावं?”

दुकानदाराने केबल बदलून पाहायला सांगितले होते. केबल बदलली, फरक पडला नाही. दोष केबलचा नव्हताच.

आता तुम्ही म्हणाल, अक्षर जरा धूसर दिसले तर एवढे काय बिघडले? पण आपली लिपी कोणती ते पाहा. देवनागरीत एक टिंब पुसट झाले की ‘शिंदे’चा ‘शिदे’ होतो. रफार, उकार, पायमोडके अक्षर, सगळा कारभार बारीक रेघांचा. रजिस्टर पन्नास वर्षांचे, शाई उडालेली. त्यात पडदाही भरड असेल तर मुलाच्या आजोबांचे नाव चुकीचे उतरते. पुढे दाखला काढताना तेच घर तहसीलला हेलपाटे घालते. तेव्हा बारीक ठिपक्यांचा पडदा ही इथे चैन नव्हे.

पडद्यावरचे चित्र ठिपक्यांचे असते. साध्या ‘फुल एचडी’ पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार केला तर २०,७३,६०० भरतात. ‘फोर-के’ पडद्यावर आडवे ३८४० आणि उभे २१६०, म्हणजे ८२,९४,४०० ठिपके, बरोबर चौपट. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगायला २४ बिट लागतात आणि हे सगळे चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने पाठवावे लागते. मुलांना फळ्यावर गुणाकार करायला लावा, उत्तर सुमारे १,१९४ कोटी बिट येईल. एका सेकंदाला, एका पडद्यासाठी! शिवाय ओळी-ओळींमधली मोकळी जागा धरली की हा आकडा १,२८० कोटींच्या आसपास जातो.

आता जायकवाडीचा डावा कालवा डोळ्यांपुढे आणा. पैठणहून निघून तो आपल्या परभणी जिल्ह्यात येतो. वाटेत चाऱ्या फुटतात आणि टेलच्या शेतकऱ्याच्या नशिबी काय येते ते तुम्हाला मी सांगायला नको. चारीला दोन दारे बसवली म्हणून कालव्यातले पाणी दुप्पट होत नाही. डॉकची गोष्ट हीच. इंग्रजीत डॉक म्हणजे गोदी. बोट गोदीला लागली की सगळी चढ-उतार तिथेच होते, तसा लॅपटॉप एका केबलने डॉकला लागतो आणि पडदे, कळफलक, इंटरनेटची तार, वीज, सगळे त्या एकाच वाटेने जाते. डॉकच्या पाठीवर भोके किती आहेत ते पाहून आपण भुलतो. पाहायचे असते ते लॅपटॉपकडून येणाऱ्या वाटेची रुंदी.

ही वाट बहुधा ‘यूएसबी-सी’च्या चपट्या, दोन्ही बाजूंनी बसणाऱ्या भोकातून जाते. २०१४ साली हे भोक ठरले आणि तेव्हापासून घोटाळाही सुरू झाला, कारण बाहेरून सगळी भोके सारखीच. एखाद्यातून नुसती वीज आणि फाईली जातात, चित्र जातच नाही. ज्यातून चित्र जाते त्यात वेगवान वाटा चार असतात. पण डॉकला पेनड्राइव्ह वगैरेही वेगाने चालवायचे असतात, म्हणून पुष्कळ डॉक दोन वाटा त्यासाठी राखून ठेवतात. चित्रासाठी दोनच उरतात. डिस्प्लेपोर्ट १.२ या जुन्या पद्धतीत त्या दोन वाटांतून सेकंदाला ८६४ कोटी बिट जातात. हवेत १,२८० कोटी. मग यंत्र काय करते? ६० ऐवजी सेकंदाला ३० वेळाच चित्र पाठवते, आणि म्हणून बाण अडखळतो. त्यात दुसरा पडदा जोडला की त्याच्या वाट्याला टेलचे पाणी, त्याचे ठिपकेच कमी होतात. खोक्यावर ‘फोर-के’ हे ठळक छापलेले होते. ‘३० हर्ट्झ’ हे मात्र मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत.

उपाय निघाला तो फुकटात. गुरुजींच्या लॅपटॉपला स्वतःचे एचडीएमआयचे भोक होते आणि ते मोकळे पडले होते. ते २.० जातीचे निघाले, म्हणजे त्यातून ‘फोर-के’ साठ वेळा जाऊ शकते. एक पडदा तिथे थेट लावला आणि टंकलेखन त्यावर ठेवले. दुसरा एकटाच डॉकवर राहिला. त्यावर ‘फोर-के’ मिळाले, पण तीस वेळांचे. त्यावर रजिस्टरचे पान ठेवले. पान काही पळत नाही. स्थिर चित्राला तीस वेळा पुरून उरतात. विंडोज आणि पी ही बटणे एकदम दाबून ‘एक्स्टेंड’ निवडले आणि दोन्ही पडद्यांवर अक्षर स्वच्छ उमटले. गुरुजी चष्मा काढून पाहू लागले.

ज्यांना नवा डॉक घ्यायचा आहे त्यांनी आधी लॅपटॉपची माहितीपुस्तिका काढावी, दुकान नंतर. भोकापाशी विजेची खूण असेल तर ते बहुधा थंडरबोल्ट. २०१५ पासून तेही यूएसबी-सीच्याच आकारात येते आणि ४,००० कोटी बिटांची वाट देते. त्यावर योग्य डॉकने दोन ‘फोर-के’ पडदे साठ वेळांनी चालतात. साधे यूएसबीच असेल तर डिस्प्लेलिंकचा डॉक मिळतो. तो चित्र दाबून लहान करून पाठवतो. लॅपटॉपवर त्याचे सॉफ्टवेअर घालावे लागते आणि प्रोसेसरवर ओझे पडते. नोंदी करायला ठीक, चित्रपट दाखवायला माझी शिफारस नाही. अॅपलचा लॅपटॉप असेल तर जास्तच जपून, कारण २०२० च्या एम-१ एअरला बाहेरचा एकच पडदा चालतो. एका वाटेतून अनेक पडदे फोडण्याची एमएसटी नावाची युक्ती विंडोजवर चालते. अॅपलवर दोन्ही पडद्यांना एकच चित्र मिळते.

राहिली वीज. परभणीचा मे महिना तुम्हाला ठाऊक आहे. डॉक तापतो, धूळ बसू नये म्हणून त्यावर रुमाल टाकू नका. लाईट गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण स्वतःच्या अॅडॉप्टरवर चालणारा डॉक आणि पडदे विझतात. उघडलेली कामे लॅपटॉपच्या पडद्यावर गोळा होतात, तिथे नुकसान नाही. पण डॉकला लावलेली डिस्क लिहिता-लिहिता तुटते आणि फाईल बिघडू शकते. गुरुजींची सारी छायाचित्रे अशाच एका डिस्कवर होती. त्यांनी ती त्याच दुपारी डॉकवरून काढून लॅपटॉपला लावली आणि तिची दुसरी प्रत करायला घेतली.