सुपारीला तटबंदी, काजूला का नाही?

फेब्रुवारी सरत आला की सत्तरी, डिचोली, सांगे, काणकोण भागांतील डोंगरउतारांवर काजूचा हंगाम सुरू होतो. बियांचा दर घसरला की बागायतदारांकडून एक मागणी हमखास पुढे येते: परदेशी काजूवरील आयात शुल्क वाढवा. अडचणीच्या काळात ही मागणी स्वाभाविकच आहे. परंतु कुळागरातील सुपारीला जे शुल्क तारते, तेच डोंगरावरील काजूला तारू शकत नाही. असे का होते, हे समजून घेणे बागायतदाराच्या हिताचे आहे.

आयात शुल्काचे गणित साधे असते. बाहेरून येणारा माल बंदरात उतरताच त्यावर कर बसतो, तो देशात महाग होतो आणि त्यामुळे देशी मालाला बरा भाव मिळतो. मात्र या गणितात एक अट दडलेली आहे. बाहेरचा माल अडवल्यावर देशाची गरज भागवण्याइतके पीक देशात असले पाहिजे. ते नसेल, तर शुल्काचा भार देशातीलच कोणावर तरी पडतो.

सुपारी ही अट बऱ्याच अंशी पूर्ण करते. जगात सर्वाधिक सुपारी भारतात पिकते आणि देशाची बहुतांश गरज कर्नाटक, केरळ, आसाम या राज्यांतील पिकावर भागते. म्हणूनच सुपारीवर 100 टक्के आयात शुल्क ठेवणे केंद्राला परवडते. त्यावर किमान आयात मूल्याचेही बंधन आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये ते किलोला 251 रुपयांवरून 351 रुपये करण्यात आले. याहून कमी किमतीची सुपारी आयात करण्यास मनाई आहे. चोरट्या मार्गाने येणारा माल या तटबंदीला भगदाडे पाडतो, हे खरे. तरीही फोंडा, सांगे, सत्तरीतील कुळागरांना तिचा आधार मिळतो.

काजूची स्थिती नेमकी उलटी आहे. भारतात काजू भरपूर पिकतो, पण कारखान्यांची भूक त्याहून कितीतरी मोठी आहे. कोल्लमपासून मंगळूर, सिंधुदुर्ग आणि गोव्यापर्यंत पसरलेल्या या उद्योगाला लागणाऱ्या कच्च्या बियांचा मोठा वाटा आफ्रिकेतून येतो. आयव्हरी कोस्ट, बेनिन, घाना, टांझानिया, गिनी-बिसाऊ हे प्रमुख पुरवठादार देश आहेत. पश्चिम आफ्रिकेचा हंगाम साधारण आपल्याच हंगामाच्या सुमारास येत असल्याने तेथील आवकेचे सावट येथील दरावर पडते.

कच्च्या काजूवर शुल्क लावण्याचा प्रयोग झालेलाही आहे. 2016 च्या अर्थसंकल्पात त्यावर 5 टक्के शुल्क लागू झाले. कारखानदारांनी कच्चा माल महागल्याची तक्रार केली आणि 2018 मध्ये ते अडीच टक्क्यांवर आले. ही तक्रार दुर्लक्षिण्यासारखी नव्हती. यंत्रांच्या बळावर पुढे गेलेला व्हिएतनाम याच आफ्रिकी बियांचा मोठा ग्राहक आहे. येथील कारखाने थांबले, तर त्या बिया तिकडे वळतात. शिवाय काजू सोलण्याच्या कामावर हजारो महिलांची चूल पेटते. त्यातच अल्पविकसित देशांना भारताने 2008 पासून दिलेल्या शुल्कसवलतीत काजूचाही समावेश आहे. त्यामुळे शुल्क वाढवले, तरी सगळी आवक त्याच्या कक्षेत येत नाही.

सोललेल्या काजूगराबाबत मात्र केंद्राने कठोर धोरण स्वीकारले. 2019 मध्ये त्यावरील शुल्क 45 टक्क्यांवरून 70 टक्के झाले आणि किमान आयात मूल्य अख्ख्या गरासाठी किलोला 720 रुपये, तर तुकड्यांसाठी 680 रुपये ठरले. हे संरक्षण प्रथम कारखानदाराच्या पदरी पडते. गराला चांगला भाव मिळाला, तरी कारखानदार कच्ची बी आफ्रिकेतून स्वस्तात घेऊ शकतो. त्यामुळे तो लाभ बागायतदारापर्यंत झिरपेलच, याची खात्री नसते.

शुल्क योग्य पिकाला लागले नाही तर काय होते, याचा धडा अमेरिकेने महामंदीत घेतला. शेतीमालाचे भाव कोसळलेले असताना हर्बर्ट हूव्हर यांनी 1928 च्या निवडणुकीत शेतकऱ्यांना शुल्कवाढीचे आश्वासन दिले. एक हजारांहून अधिक अर्थतज्ज्ञांचा विरोध डावलून 17 जून 1930 रोजी त्यांनी स्मूट-हॉली कायद्यावर स्वाक्षरी केली. परंतु अमेरिकी गहू आणि कापूस ही निर्यातीची पिके होती. जे बाहेरून येतच नाही, त्यावर शुल्क लावून काय साधणार? उलट कॅनडासह अनेक देशांनी प्रत्युत्तर म्हणून आपली शुल्के वाढवली आणि अमेरिकी शेतकऱ्याच्या बाजारपेठा आक्रसल्या. 1929 मध्ये बुशेलला सुमारे एक डॉलर असलेला गव्हाचा भाव 1932 मध्ये 40 सेंटच्याही खाली गेला. या घसरणीचे मूळ मंदीत होते. पण शुल्काने ती थोपवली नाही.

गोव्यापुढे आणखी एक मर्यादा आहे. सीमाशुल्क हा केंद्राचा विषय असल्याने राज्य सरकार स्वतः ते वाढवू शकत नाही. राज्याच्या हाती आहे ती आधारभूत किंमत. 2023-24 च्या अर्थसंकल्पात काजू बियांची आधारभूत किंमत किलोला 125 रुपयांवरून 150 रुपये करण्यात आली. या दराने बाजारात 120 रुपये मिळाले, तर उरलेले 30 रुपये सरकारी तिजोरीतून बागायतदाराला मिळतात. येथे कारखान्याचा कच्चा माल महागत नाही, ग्राहकावर बोजा पडत नाही आणि मदत थेट पिकवणाऱ्यापर्यंत पोहोचते. मात्र या उपायाचा खर्च दडलेला नसतो. तो राज्याला दरवर्षी उचलावा लागतो. शिवाय मजुरी आणि खतांचे दर वाढत असताना आधारभूत किंमत जागीच राहिली, तर तिचा आधार पोकळ ठरतो.

म्हणून सुपारीसाठी दिल्लीकडे मागायची ती तटबंदीची कडक राखण. काजूसाठी मात्र बागायतदारांनी पणजीकडे ठाम आग्रह धरायला हवा तो दोन गोष्टींचा: हंगाम सुरू होण्यापूर्वी जाहीर होणारी आणि खर्चाशी मेळ राखणारी आधारभूत किंमत, तसेच फरकाची रक्कम वेळेवर खात्यात जमा होण्याची हमी. बी विकून झाल्यावर बागायतदाराला पुढच्या पावसाळ्याची तयारी करायची असते. उशिरा आलेला आधार त्याच्या उपयोगी पडत नाही.