वाळलेला तुराही विकतो

दसऱ्याला आपण दाराला तोरण बांधतो. त्यात झेंडू असतो, आंब्याची पाने असतात. भाताच्या लोंब्या आणि कुरडूचे तुरेही असतात. आठ दिवसांनी ते तोरण नीट पाहा. झेंडू काळवंडतो. पान मुरगळते. पण लोंबी आणि कुरडू तशीच दिसतात. असे का होते बरे?

फूल कुजते ते पाण्याने. झेंडूत पाणी पुष्कळ, म्हणून त्याला बुरशी लवकर धरते. कुरडूचा तुरा कागदासारखा कोरडा. त्यात पाणी थोडे, म्हणून तो टिकतो. फुलातले पाणी वेळेवर काढले, तर फूल कितीतरी महिने राहते. फूल वाळवायचं म्हणजे एवढंच.

कर्जत-खालापूरकडे कुरडू कोणी पेरत नाही. वरकस जमिनीत, बांधावर ते आपोआप उगवते. पावसाळ्यात कोवळ्या पानांची आपण भाजी करतो. पुढे तुरे आले की तण म्हणून उपटून टाकतो. तेच तुरे वाळवता येतात. कसे, ते पाहू.

पाऊस उघडला की, दव सुकल्यावर तुरे कापा. बी गळू लागण्याआधी कापा. देठ लांब ठेवा, पाने काढून टाका. 10-12 काड्यांची जुडी सुतळीने बांधा. मोठी जुडी बांधू नका. आत वारा जात नाही आणि मधले तुरे बुरसतात.

जुडी सावलीत, वाऱ्यावर, उलटी टांगा. उलटी कशाला? ओला देठ तुऱ्याच्या भाराने वाकतो. उलटा टांगला की सरळ वाळतो. उन्हाने रंग उडतो, चुलीच्या धुराने काळा पडतो. म्हणून दोन्हीपासून दूर ठेवा. देठ वाळून बारीक होतात, तेव्हा सुतळी पुन्हा आवळा. 2-3 आठवड्यांनी देठ मोडून बघा. कट्‌कन मोडला तर वाळला. नुसता वाकला तर अजून ओला आहे.

दसऱ्याच्या संध्याकाळी उरलेल्या झेंडूला कोणी विचारत नाही. पाटीभर फुले टाकून बाई घरी येते. सगळे कष्ट वाया! वाळलेल्या मालाला अशी घाई नाही. आज गिऱ्हाईक नाही आले, तर उद्या येईल. तुतिकोरिन आणि कोलकाता येथून वाळलेली फुले, पाने, बोंडे परदेशीही जातात.

तरी आमचे एक सांगणे आहे. पहिल्याच वर्षी सगळे रान कापू नका. चार जुड्या वाळवा. कर्जत आणि खोपोलीहून लोकलने दादर गाठता येते. तिथल्या फुलबाजारात नमुना दाखवा. एकाच दुकानात थांबू नका; दोन-चार ठिकाणी भाव विचारा. मागणी दिसली, तर पुढच्या साली जास्त वाळवा.

आणि बांधावर थोडे कुरडू उभे राहू द्या. त्याचे बी जमिनीत पडेल. मग पुढच्या पावसात भाजीही मिळेल आणि तुरेही मिळतील.