संमोहन म्हणजे भगताचा मंत्र नव्हे

"एका बैठकीत दारू-तंबाखू सोडवतो" म्हणत कोणी संमोहनाचे हजारो रुपये मागितले, तर थांबा. संमोहनात माणूस झोपत नाही. इंग्लंडमधल्या जेम्स ब्रेड या सर्जनने 1843 साली ग्रीक भाषेतल्या झोपेच्या शब्दावरून त्याला नाव दिलं. ती झोप नव्हे हे पुढे त्यालाच कळलं.

डोळे मिटून, श्वास संथ करून लक्ष एकाग्र करतात. मग तलफेची वेळ, म्हणजे नाक्यावरचे मित्र, जेवणानंतरची पुडी, मनासमोर आणून 'नको' म्हणायचा सराव करवतात. सगळं ऐकू येतं, मध्येच उठताही येतं. मनात सोडायचं नसेल तर डॉक्टरही काही करू शकत नाही.

तंबाखूबाबत याचा पुरावा पक्का नाही. त्यासाठी सरकारच्या 1800-11-2356 या मोफत नंबरवर सल्ला मिळतो. रोज पिणाऱ्याने दारू मात्र एकदम तोडू नये, फिट येऊ शकते. आधी सरकारी दवाखान्यात दाखवा.