मुरलेली बिअर

मद्य हा शब्द उच्चारला कीं आपल्याकडील सुशिक्षित घरांत वडील मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात आणि तरुण मंडळी विषय बदलूं पाहतात. मद्यपानाची शिफारस करण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. तो ज्याच्या-त्याच्या घरच्या आचाराचा प्रश्न आहे. परंतु धान्य, पाणी आणि हवा एवढ्या साहित्यावर एखाद्या देशानें केवढी विद्या उभारली, हें जाणून घेण्यास कोणाचीच हरकत नसावी. शिवाय ज्यांचीं मुलें आज युरोपांत शिकावयास वा नोकरीस आहेत, त्यांच्या कानांवर ह्या गोष्टी येणारच.

बिअर ही ताजीच प्यावयाची वस्तु, हा समज बहुतेक प्रकारांच्या बाबतींत खरा आहे. हॉप नांवाच्या वेलीच्या फुलांनीं तिला कडूपणा व सुगंध येतो. त्यांतला सुगंध कांहीं महिन्यांतच ओसरूं लागतो. पण बेल्जियममधील कांहीं प्रकार आपल्या लिंबाच्या लोणच्याप्रमाणें वर्षानुवर्षें मुरत जातात. 2016 सालीं युनेस्कोनें बेल्जियमच्या बिअर-संस्कृतीची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशांत केली, ती उगीच नव्हे.

यांत सर्वांत विलक्षण ती ब्रुसेल्सच्या आसपास होणारी 'लँबिक'. आपण दुधाला विरजण लावतों. येथें विरजण लावणारा कोणी नाहीं. बार्ली आणि गहूं यांचा उकळलेला काढा रात्रभर उथळ, उघड्या भांड्यांत निवत ठेवतात आणि हवेंतील सूक्ष्म जंतु त्यांत आपोआप उतरतात. उन्हाळ्यांत नको ते जंतु फार, म्हणून हें काम साधारण ऑक्टोबर ते एप्रिल एवढेंच चालतें. हॉपहि मुद्दाम जुना झालेला घेतात. कारण येथें त्याचा कडूपणा नको, फक्त टिकविण्याचा गुण हवा असतो. मग लांकडी पिंपांत एक, दोन, तीन वर्षें वाट पाहावयाची. शेवटीं या निरनिराळ्या वयांच्या लँबिक एकत्र करून बाटलींत भरतात. कोवळींत साखर शिल्लक असते, जुनींत रुचीची खोली असते. दोहोंच्या संयोगानें बाटलींत पुन्हां आंबण्याची क्रिया होऊन फेंस धरतो. हिला 'गूझ' म्हणतात. चांगली गूझ दहा-वीस वर्षेंहि टिकते.

एवढा वेळ कोणत्या धंद्याला परवडावा? विसाव्या शतकांत स्वस्त, गोड आणि झटपट होणाऱ्या पेयांपुढें हीं जुनीं घराणीं एकामागून एक बंद पडलीं. ब्रुसेल्समधील काँतिलाँ हें 1900 सालचें घराणें. त्यानें 1978 मध्यें आपल्या चालत्या कारखान्यालाच संग्रहालय केलें, म्हणजे लोकांनीं डोळ्यांनीं पाहावें व मोल जाणावें. जवळच बेर्सेल गांवीं द्री फोन्तेनेन हें आर्माँ देबेल्देर यांचें घराणें. 2009 सालीं त्यांच्या कोठारांतील उष्णता-नियंत्रक बिघडला, कोठार तापलें, हजारों बाटल्या फुटल्या आणि सुमारें 80,000 बाटल्यांतील माल विकण्याजोगा उरला नाहीं. कित्येक वर्षांची वाट एका रात्रींत वायां गेली. देबेल्देर यांनीं त्या बिघडलेल्या मालाचा अर्क काढून विकला, व्यवसाय सांवरला आणि 2022 मध्यें मृत्यु येण्यापूर्वीं तो नव्या पिढीच्या हातीं सोंपविला. मुरण्याच्या धंद्यांत भांडवल पैशाचें नसून वर्षांचें असतें, हें या प्रसंगानें कळतें.

दुसरा मासला दक्षिणेकडील ओर्वाल मठाचा. तेथील आजचा बिअरचा कारखाना 1931 सालीं सुरू झाला. बाटली भरतांना तींत एक रानटी जातीचें किण्व घालतात. ताजेपणीं ही बिअर हॉपनें घमघमते. वर्षभरानें कडूपणा मवाळ होतो, गोडी आटते आणि कातड्याचा, मातीचा असा वेगळाच वास येऊं लागतो. तेथील कित्येक उपाहारगृहांत 'ताजी कीं मुरलेली?' असें गिऱ्हाइकास विचारतात.

अशी बाटली निवडण्यास जाणता दुकानदार हवा. त्याच्या दुकानांत प्रथम पाहावें तें हें कीं, बाटल्या खिडकीच्या उन्हांत तर मांडल्या नाहींत ना. प्रकाशानें हॉपमधील द्रव्यें बिघडून दुर्गंध येतो. तपकिरी कांच बरेंच रक्षण करते, हिरवी कमी, पांढरी जवळजवळ नाहींच. मग भरल्याची तारीख वाचावी. शिमेच्या निळ्या चिठ्ठीच्या बाटलीवर तर वर्षच छापलेलें असतें. ठेवावयाची ती शेंकडा आठांहून अधिक मद्यार्काची, गडद रंगाची किंवा आंबट जातीची. हॉपप्रधान बिअर ठेवूं नये. एकाच प्रकारच्या तीन बाटल्या घ्याव्या: एक लगेच, एक वर्षानें, एक तीन वर्षांनीं उघडावी आणि चवीची टिपणें वहींत लिहावीं. त्याशिवाय काळानें काय दिलें व काय नेलें, हें समजत नाहीं.

ठेवण्याची जागा अंधारी व 10 ते 13 अंश उष्णतेची असावी. उष्णता वरखालीं होणें हें सर्वांत वाईट. पत्र्याच्या झांकणाच्या बाटल्या उभ्या ठेवाव्या, म्हणजे गाळ तळाशीं बसतो. गूझच्या बुचाच्या बाटल्या मात्र पुष्कळजण आडव्या ठेवतात. पुण्या-नागपुराच्या उन्हाळ्यांत साध्या कपाटांत हें साधणें नाहीं. शिवाय महाराष्ट्रांत 1949 च्या दारूबंदी कायद्याखालीं परवाना लागतो, हेंहि ध्यानांत असावें.

मौजेची गोष्ट ही कीं, बिअर मुरण्याशीं आपल्या मुंबईचाहि जुना संबंध आहे. लंडनजवळील बो येथें 1752 सालीं निघालेल्या हॉजसनच्या कारखान्याची बिअर पिंपांतून कलकत्ता-मुंबईस येई. आफ्रिकेला वळसा घालणाऱ्या त्या चार-सहा महिन्यांच्या सफरींत ती जहाजाच्या पोटांतच मुरे. तिची आजची वंशज 'इंडिया पेल एल' मात्र ताजीच प्यावी!

कोणती बाटली कोणत्या वर्षीं ऐन बहरांत येईल, हें छातीठोकपणें कोणीच सांगूं शकत नाहीं. फार थांबल्यास ओल्या पुठ्ठ्यासारखी चव तेवढी हातीं येते. म्हणून दुर्मिळ बाटल्या साठवून भाव वाढण्याची वाट पाहणारे लोक आम्हांस खरे रसिक वाटत नाहींत. बरणीची शोभा फडताळांत असली तरी लोणच्याची जागा पानांतच असते.