इंजेक्शन झाले, तरी पोलिओचे थेंब का?

“बाळाला पोलिओचं इंजेक्शन दिलंय, मग थेंब कशाला?” वस्तीतल्या आयाबहिणी आम्हाला हा प्रश्न नेहमी विचारतात. प्रश्न रास्त आहे.

पोलिओचा विषाणू तोंडावाटे पोटात जातो, आतड्यात वाढतो आणि शौचावाटे बाहेर पडतो. बहुतेक मुलांना काही जाणवतही नाही. पण लागण झालेल्या साधारण दोनशे जणांत एकाला कायमचे पांगळेपण येते.

इंजेक्शनमुळे रक्तात संरक्षण तयार होते. विषाणू रक्तातून मज्जातंतूंकडे निघाला की वाटेतच अडतो आणि मूल पांगळे होत नाही. आतड्यात मात्र तो वाढू शकतो आणि शेजारच्या घरातल्या बाळापर्यंत पोहोचू शकतो.

थेंबांत दुबळा केलेला जिवंत विषाणू असतो. तो आतड्यात वाढतो, म्हणून त्याला ओळखणाऱ्या पेशी आतड्याच्या अस्तरातच मुक्काम करतात. शरीर रोगाची आठवण फक्त रक्तात ठेवत नाही. आतडे, फुप्फुसे, त्वचा इथेही ठेवते. चोर ज्या दारातून येतो, त्याच दारात हा पहारा असतो.

इस्रायलमध्ये २००५ पासून फक्त इंजेक्शन दिले जात होते. २०१३ साली तिथल्या सांडपाण्यात पोलिओचा विषाणू सापडत राहिला. एकही मूल पांगळे झाले नाही, पण विषाणू पसरत होता. शेवटी मुलांना पुन्हा थेंब पाजावे लागले.

आतड्यातला पहारा काळानुसार सैल पडतो, म्हणून थेंब पुन्हा पुन्हा द्यावे लागतात. थेंब घेतलेल्या मुलाला इंजेक्शन दिले, तर हा पहारा पुन्हा कडक होतो, असे उत्तर प्रदेशातील मुलांच्या अभ्यासातून दिसले आहे. म्हणून दोन्ही हवेत.

भारत २७ मार्च २०१४ रोजी पोलिओमुक्त जाहीर झाला. पण पाकिस्तान व अफगाणिस्तानात हा विषाणू अजून टिकून आहे. जिथे संडास सामायिक आणि नळाचा पाइप गटारातून जातो, तिथे तो आला तर आधी आपलीच मुले सापडतील. स्वच्छ पाण्याचा हक्क आपण चवदार तळ्यापासून मागत आलो आहोत. तो मागत राहूच. तोवर लस चुकवू नका.

थेंब: जन्मतः, ६, १०, १४ आठवडे आणि १६ ते २४ महिन्यांत.
इंजेक्शन: ६ व १४ आठवडे, ९ महिने.

सरकारी केंद्रात दोन्ही मोफत मिळतात. पल्स पोलिओच्या रविवारी पाच वर्षांखालील प्रत्येक मुलाला, आधी डोस झालेला असला तरी, थेंब पाजा. लसीचे कार्ड जपून ठेवा. एखादा डोस राहिला असेल, तर आशाताईंना आजच विचारा.