ब्रेक पॅड किती टिकला, की किती धरला?



आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, "गाडीचे ब्रेक? हे घरातल्या बाप्यांचं काम, आम्हाला कशाला सांगता?" पण गाडीवर मागं कोण बसतं? मांडीवर लेकरू आणि पायाशी पिशवी घेऊन आपणच बसतो. आता तर गटातल्या कितीतरी जणी स्वतः गाडी चालवतात. म्हणून हा विषय आपलाच आहे.

आमच्या गटाच्या चटण्या, मसाले आणि पापड सासवडकडून पुण्याला सदाशिव पेठेत जातात. तिथं स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करायला गावाकडची मुलं-मुली खोल्या करून राहतात, त्यांच्या मेसवाल्यांकडं आमचा माल लागतो. गटातल्या एका मावशींचा मुलगाही तिथंच राहतो. रविवारी घरी यायचा आणि सोमवारी पहाटे आईला आणि मालाला मोटरसायकलवर घेऊन दिवे घाट उतरायचा.

एका सोमवारी घाटाच्या निम्म्यात गाडी आवरेना. मावशी सांगतात, "पोरगं ब्रेक आवळून धरत होतं. काहीतरी करपल्यासारखा वास येत होता. पण गाडी काही थांबेना." मुलानं डोकं शांत ठेवलं, गिअर कमी केला आणि गाडी डोंगराच्या बाजूला घालून गटारात पाडली. दरीच्या बाजूला गेली असती तर आज आम्ही वेगळंच काही सांगत असतो. मावशींचं मनगट मोडलं. सव्वा महिना हात प्लॅस्टरमध्ये होता, पापडाचा सगळा हंगाम गेला.

गाडी उघडून पाहिली तेव्हा आम्हीही तिथं होतो. पुढच्या डिस्क ब्रेकचे पॅड चार महिन्यांपूर्वी सदाशिव पेठेतल्या एका गॅरेजमध्ये बदललेले होते. आम्हाला वाटलं होतं, झिजून गेले असतील. पण नाही, पॅड चांगले जाड होते. फक्त त्यांचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत आणि चकचकीत झाला होता, त्यावर बारीक भेगा होत्या. आम्ही मुलाला विचारलं, "पॅड घेताना काय सांगितलं होतंस?" तो म्हणाला, "दादा, स्वस्तातला टाका, पण जास्त दिवस टिकणारा टाका."

त्याप्रमाणे पॅड टिकला होताच. गाडी मात्र थांबली नाही.

पॅडमध्ये असतं काय?

डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर एक लोखंडी चकती फिरते. आपण ब्रेक आवळला की दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखे धरतात. ड्रम ब्रेकमध्ये हेच काम आतले लायनर करतात. पॅड म्हणजे एक पोलादी पट्टी आणि तिच्यावर दाबून बसवलेला काळसर थर. त्या थरात तंतू, धातूची भुकटी, ग्रॅफाइट, थोडी खरखरीत पूड आणि हे सगळं बांधून ठेवणारं रेझिन असतं. ते मिश्रण साच्यात घालून उष्णता आणि दाब देऊन पक्कं करतात.

आपल्याला हे समजायला सोपं आहे. लाडवाचा पाक कच्चा राहिला तर लाडू हातात भुगा होतो. पाक पुढं गेला तर दगड होतो, दात लागत नाही. पॅडचंही तसंच आहे. मिश्रण आणि भाजणी बिघडली, थर कच्चा राहिला, तर तो भराभर झिजतो किंवा पट्टीपासून सुटतो. थर फार कडक झाला तर तो वर्षभर झिजत नाही, पण चकतीला धरतही नाही. वर चकतीलाच खातो, म्हणजे पॅडमध्ये वाचवलेले पैसे चकतीत जातात.

म्हणून पॅड घेताना पहिली गोष्ट लक्षात ठेवायची. पॅड हा झिजण्यासाठीच केलेला असतो. खडू झिजल्याशिवाय फळ्यावर अक्षर उमटत नाही. नुसता "जास्त टिकतो" हा पॅडचा गुण नव्हे. नीट धरून, तापल्यावरही धरून, मग जो टिकतो तो चांगला पॅड.

घाटात वेगळं काय होतं?

ब्रेक गाडीचा वेग उष्णतेत बदलतो. गावातल्या रस्त्यावर अधूनमधून ब्रेक लागतो, चकतीला निवायला वेळ मिळतो. घाटात सतत ब्रेक धरला की ती निवतच नाही. हलक्या पॅडमधलं रेझिन अती तापलं की त्यातून वायू सुटतो आणि पकड जाते. अशा वेळी ब्रेक हाताला घट्ट लागतो, पण गाडी थांबत नाही. मावशींच्या मुलाचं हेच झालं. याउलट ब्रेक हाताला पोचट लागला, थेट मुठीपर्यंत आला, तर बहुतेक वेळा दोष ब्रेक ऑइलचा असतो. हे ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलावं लागतं.

पॅड कितीही चांगला असला तरी घाट ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा. गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवायचं नाही.

बाजारात काय काय मिळतं?

पुण्यात नाना पेठेत गाड्यांच्या सुट्या भागांचा मोठा बाजार आहे. आपल्या तालुक्याच्या गावीही दोन-चार दुकानं असतात. तिथं पॅड चार तऱ्हेचे मिळतात. पहिला, गाडीच्या कंपनीच्या नावाचा. दुसरा, पॅड बनवणाऱ्या नावाजलेल्या कारखान्याचा, ज्याच्या खोक्यावर नाव, पत्ता, किंमत, महिना आणि बॅच नंबर असतो. तिसरा, ज्याच्यावर कोणाचंच नाव नाही असा सुटा माल. आणि चौथा सगळ्यात वाईट, नावाजलेल्या खोक्याची नक्कल.

बाहेरचा म्हणजे वाईटच, असं आम्ही म्हणणार नाही. दुसऱ्या तऱ्हेचे काही कारखाने गाडीच्या कंपन्यांनाही माल पुरवतात, त्यांचा पॅड कमी पैशात तेवढंच काम करू शकतो. खरा फरक खोक्यावर नाव घालून जबाबदारी घेणारा आणि न घेणारा, यांच्यात आहे.

पुण्यातच वेताळ टेकडीवर एआरएआय ही संस्था १९६६ पासून आहे. तिथं गाड्यांच्या चाचण्या होतात, त्यात ब्रेकच्याही असतात. एप्रिल २०१९ पासून नव्या दुचाकींना १२५ सीसीपर्यंत दोन्ही ब्रेक एकत्र लागणारी सीबीएस आणि त्यावरच्या गाड्यांना एबीएस सक्तीची झाली. पण गाडी चाचणी देऊन येते ती तिच्या मूळ पॅडवर. आपण त्या जागी निनावी पॅड बसवला की एबीएस असूनही उपयोग होत नाही. एबीएस चाक अडकू देत नाही, पण नसलेली पकड ते आणणार कुठून?

घेताना आणि बसवताना

खोकं आपल्यासमोर फोडायला सांगा आणि रिकामं खोकं घरी आणा. थराला भेग, फुगवटा किंवा पट्टीपासून सुटलेली कड दिसली तर पॅड घेऊ नका. काही पॅडच्या कडेला दोन इंग्रजी अक्षरं छापलेली असतात. पहिलं अक्षर साध्या तापमानाची पकड सांगतं, दुसरं तापल्यावरची. ई पेक्षा एफ, आणि एफ पेक्षा जी जास्त धरतं. पण ही अक्षरं पॅड किती दिवस टिकेल ते सांगत नाहीत.

दोन्ही पॅड एकदमच बदला. मेकॅनिक दादांना चकतीही मोजायला सांगा. कमीत कमी किती जाडी हवी तो आकडा चकतीवरच कोरलेला असतो. नवा पॅड बसायला थोडे दिवस जातात, तोवर पकड कमी असते. म्हणून पॅड बदलून लगेच घाटात जाऊ नका.

पॅडवरची खाच बुजत आली, करकर आवाज आला, किंवा थर दोन मिलिमीटरवर आला की बदला. बऱ्याच ड्रम ब्रेकना बाहेर बाणाची खूण असते, ती पाहा. चकतीला तेल, ग्रीस, पॉलिश लावायचं नाही. दसऱ्याला गाडी पुजताना हळद-कुंकू आणि तेलाचा हात दिव्याजवळ लावा, चकतीला नको. आणि ब्रेकची धूळ तोंडानं फुंकू नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस वापरत, ते फुप्फुसाला फार घातक. ओल्या फडक्यानं पुसा.

बिल मागायचंच

मावशींच्या मुलाकडं ना खोकं होतं, ना बिल. गॅरेजवाले म्हणाले, "आमच्याकडचाच पॅड कशावरून?" आम्ही गप्प बसलो, कारण दाखवायला काही नव्हतं.

ज्या पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं, तिथंच आम्ही बिलाशिवाय परत आलो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं बिल नाकारणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. सदोष वस्तूमुळं इजा झाली तर बनवणारा आणि विकणारा यांच्याकडं भरपाई मागता येते. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. पण या सगळ्याची सुरुवात बिलापासून होते. बिलावर पॅडचं नाव आणि गाडीचा नंबर लिहून घ्या.

आमच्या गटानं आता दोन गोष्टी ठरवल्या आहेत. गटाचा माल ज्या गाडीवर जातो, तिचे ब्रेक महिन्याच्या बैठकीच्या दिवशी बघायचे. आणि कोणाकडं पॅडला पैसे नसतील तर अंतर्गत कर्जातून लगेच द्यायचे, पुढच्या बैठकीची वाट बघायची नाही. पहिलं कर्ज मावशींनीच घेतलं. पॅड बसवताना त्या गॅरेजमध्ये स्टूल टाकून बसल्या होत्या. मेकॅनिकनं विचारलं, "मावशी, जास्त टिकणारा टाकू का?"

मावशी म्हणाल्या, "टिकायचं राहू दे बाबा. घाटात धरणारा टाक, आणि बिल दे."

तुमच्या गटातही या महिन्याच्या बैठकीत हा विषय काढा. काय ठरलं ते आम्हाला नक्की कळवा.