हिमप्रदेशातील इंटरनेट अँटेना : हिवाळ्यापूर्वीची सिद्धता

कॅनडाच्या उत्तर भागातील अनेक वस्त्यांना बारमाही रस्ता नाही. नद्या व सरोवरे गोठली की त्यांवरून काही आठवड्यांपुरती वाहतूक सुरू होते. एरवी विमान हाच आधार. अशा वस्तीत शाळेचा पाठ, डॉक्टरांचा सल्ला आणि शासकीय कामकाज ही सर्व आता घरावरील एका अँटेनावर अवलंबून असतात. तो ऐन हिवाळ्यात बंद पडल्यास दुरुस्तीसाठी माणूस पोहोचण्यास कित्येक दिवस लागू शकतात. म्हणून त्याची उभारणी हा तेथे पूर्वनियोजनाचा विषय ठरतो.

पूर्वी या भागाची भिस्त सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवरील भूस्थिर उपग्रहांवर होती. 2020 च्या अखेरीस सुमारे 550 किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या स्टारलिंक उपग्रहांची सेवा कॅनडात सुरू झाली. भूस्थिर उपग्रह उत्तरेकडून क्षितिजालगत दिसत असल्याने त्याची तबकडी जवळजवळ उभी असते व तीवर हिम कमी साचते. नव्या सेवेचा सपाट अँटेना मात्र आकाशाकडे तोंड करून असतो. त्यावर हिमाचा थर सहज बसतो.

खरा शत्रू कोणता?

थंडीनेच अँटेना निकामी होतो, हा समज अपुरा आहे. स्टारलिंकचा सर्वसाधारण अँटेना उणे 30 अंश सेल्सिअसपर्यंत चालेल असा बनविलेला असतो. कोरडे, भुसभुशीत हिमही संदेशलहरींना फारसे अडवीत नाही. परंतु तेच हिम वितळू लागले की त्यातील पाणी सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीच्या या लहरी शोषून घेते. पाणी जोडांमध्ये शिरते, रात्री गोठून प्रसरण पावते आणि वेष्टन फोडते. थंडीपेक्षा वितळणे व पुन्हा गोठणे हे चक्र अधिक घातक असते.

अँटेनामध्ये हिम वितळविण्याची सोय असते. ताशी सुमारे 40 मिलिमीटर हिम ती हटवू शकते. ही सोय 'स्वयंचलित' ठेवल्यास गरजेपुरतीच ऊष्णता निर्माण होते. 'पूर्वतापन' मोठ्या हिमवर्षावापूर्वी उपयोगी पडते. मात्र ते सतत चालू ठेवल्यास वीज वाया जाते.

उभारणीतील दक्षता

जागा निवडताना आकाश मोकळे असावे आणि साचणाऱ्या हिमाच्या थराहून अँटेना उंच राहावा. उतरत्या छपराच्या कडेखाली तो कधीही बसवू नये. छपरावरून घसरणारा हिमाचा लोंढा तो मोडून टाकतो. शक्य तेथे जमिनीवरून लांब दांड्याचा मऊ झाडू पोहोचेल अशी भिंत वा खांब निवडावा. गोठलेल्या छपरावर चढून अँटेना साफ करणे जिवावर बेतू शकते. फावडे, हातोडी व उकळते पाणी यांचा वापर टाळावा.

खांब जमिनीत रोवायचा असल्यास पाया गोठणाऱ्या थराच्या खाली न्यावा लागतो. दक्षिण कॅनडात ही खोली साधारणतः 1.2 मीटर वा अधिक असते. पाया उथळ राहिल्यास गोठणारी माती खांब वर ढकलते. भूस्थिर उपग्रहावर रोखलेल्या तबकडीचा कल अंशभर बदलला, तरी संदेश क्षीण होतो.

केबल शरद ऋतूतच टाकावी. कडाक्याच्या थंडीत तिचे प्लॅस्टिकचे वेष्टन ताठ होते आणि वाकविताच तडकते. घरात शिरण्यापूर्वी केबलला खाली झुकणारा वळसा द्यावा, म्हणजे पाणी वळशाच्या तळाशी ठिबकून जाते. जोडांची तोंडे खाली ठेवून त्यांवर जलरोधक पट्टी घट्ट गुंडाळावी.

विजेचा हिशेबही आधीच करावा. अँटेनाला 100 वॅट लागतात असे धरल्यास आठ तासांसाठी 800 वॅट-तास ऊर्जा लागेल. हिम वितळविताना गरज वाढते. थंडीत शिसे-आम्ल बॅटरीची क्षमता घटते आणि लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली भारित केल्यास बिघडते. म्हणून बॅटरी व राउटर घराच्या उबेत ठेवणे इष्ट.

महाराष्ट्रात असा हिमवर्षाव होत नाही. परंतु मुसळधार पावसात दूरदर्शन संचावरील उपग्रह वाहिन्या दिसेनाशा होतात, त्यामागेही पाण्याने लहरी शोषण्याचेच कारण असते. ग्रामपंचायत वा शाळेच्या छपरावर अँटेना बसविताना केबलचा वळसा, बंदिस्त जोड आणि सुरक्षित पोहोच या तीन गोष्टी पावसाळ्यापूर्वी तपासून घेतल्यास ऐन गरजेच्या वेळी संपर्क तुटण्याचा धोका पुष्कळ कमी होईल.